पाय अडकवावा की मोकळा ठेवावा?

गेल्या वर्षीच्या भाद्रपदात, गणपती उठल्यानंतरच्या रविवारी, माझ्या पुतणीने सायकलवरून पडून उजवे मनगट मोडून घेतले. पडली म्हणजे काही भन्नाट वेगाने डोंगर उतरताना नव्हे. खडकवासल्याच्या पलीकडचे एक टेकाड चढताना ती दमली, जवळजवळ जागीच थांबली आणि होती तशीच, सायकलसकट, उजव्या अंगाला कलंडली. वेग जवळजवळ शून्य. मी तिच्या मागे दहा-बारा फुटांवर होतो. तिचा पाय पायडलला अडकवलेला होता आणि तो सोडवण्यासाठी ती शिकवल्याप्रमाणे टाच बाहेर वळवत होती. टाच वळत होती, पण पाय सुटत नव्हता. हे सगळे मला मागून स्पष्ट दिसत होते आणि करता काहीच येत नव्हते.

सहा आठवडे प्लास्टर. मुलगी सतरा वर्षांची, वर्ष बारावीचे, हात उजवा. घरात त्या संध्याकाळी काय वातावरण असेल ते वाचकांना सांगायला नकोच. दादा काही बोलला नाही. वहिनी मात्र म्हणाल्या, "भाऊजी, पाय बांधून सायकल चालवायची ही कुठली पद्धत? आम्ही काय सायकली चालवल्या नाहीत?" वहिनींना हे विचारण्याचा पूर्ण हक्क होता. कॉलेजची पाच वर्षे त्यांनी पुण्यातच सायकल मारली आहे, तीही साडी नेसून. शिवाय ती पायडले आणि ते बूट मीच हौसेने पुतणीला आणून दिले होते आणि बुटाच्या तळाला पट्टीही मीच, माझ्या हाताने, बसवली होती. "शिकायचंच तर सुरुवातीपासून नीट शीक," हे वाक्यही माझेच.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. ते देता यावे म्हणून नंतरचे काही महिने मी बरेच वाचले, बरेच विचारले आणि थोडे स्वतः करूनही पाहिले.

मुळात पाय बांधायचा कशाला? आपण लहानपणी तासाच्या भाड्याने आणायचो त्या सायकलची पायडले आठवा. चार रबरी ठोकळे, त्यातले दोन झिजलेले, आणि पायात स्लीपर. पावसात पाय सटकला की पायडल गर्रकन फिरून नडगीवर बसायचे. सपाट रस्त्यावर, दूध आणायला किंवा शाळेत जायला, तेवढे पुरत असे. पण शर्यतीत उतरणाऱ्याला ते पुरत नाही. मिनिटाला शंभर वेळा पाय फिरवायचा तर तो जागचा हलून चालत नाही. म्हणून शर्यतीच्या सायकलींच्या पायडलला फार पूर्वीपासून पुढून एक पिंजरा असे, त्यात बुटाचे टोक घालायचे आणि वरून चामड्याचा पट्टा हाताने आवळायचा. थांबण्याआधी वाकून पट्टा ढिला करायचा. विसरलात तर आडवे व्हायचे. या पिंजऱ्याला म्हणत टो-क्लिप.

पुढे १९७१ साली इटलीच्या चिनेल्ली कंपनीने पिंजरा काढून टाकून बूटच पायडलमध्ये सरकवून अडकवण्याची सोय केली. पण सुटायचे तर हात खाली नेऊन खटका ओढावा लागे. सायकलस्वारांनी त्या पायडलला मृत्यूची आठवण करून देणारे टोपणनाव दिले, यात नवल नाही. खरी सुटका आली ती बर्फावरून. फ्रान्समधल्या नव्हेर गावची लुक ही कंपनी स्कीइंगचे बूट फळीला अडकवण्याची साधने बनवत असे. घसरून पडताना पाय मुरगळला की बूट आपोआप सुटला पाहिजे, नाहीतर हाड मोडते, हे त्या धंद्यातले पहिले गणित. तेच गणित लुकने १९८४ मध्ये पायडलला लावले. बूट वरून दाबला की खट्‌कन बसतो, टाच बाहेर वळवली की सुटतो, हात लावायला नको. दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार इनो याने ही पायडले वापरून आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली आणि चामड्याच्या पट्ट्यांचे दिवस भरले.

टो-क्लिप गेली म्हणून या नव्या पायडलांना 'क्लिपलेस' म्हणू लागले. म्हणजे ज्यात पाय पक्का अडकतो त्याचे नाव 'बिनक्लिपचे', आणि ज्याला कसलीही क्लिप नाही त्याचे नाव 'फ्लॅट'. दुकानात पहिल्यांदा जाणारा माणूस इथेच गोंधळतो. मी या लेखात सरळ 'अडकते पायडल' आणि 'सपाट पायडल' म्हणतो.

आता डोंगराकडे येऊ, कारण आमचा अपघात डोंगरावरचा आणि हा सगळा वादही डोंगरावरचाच. माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, माउंट टॅमलपायसच्या आसपासच्या टेकड्यांवर झाला. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही तिथली तरुण पोरे १९३०-४० च्या काळातल्या, जाड टायरच्या, भंगारात निघालेल्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर पहिली शर्यत लावली. दोन मैलांपेक्षा कमी अंतरात सुमारे तेराशे फूट उतार. उलटे पायडल मारून लागणारा जुना ब्रेक एवढा तापे की हबमधले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या उताराला 'रीपॅक' हे नाव पडले. पहिल्या दिवशी ॲलन बाँड्‌स हा एकटाच न पडता खाली आला, म्हणून तो जिंकला. या मंडळींचा पोशाख म्हणजे जीनची पँट आणि पायात जाड तळाचे बूट. कोपऱ्यावर पाय काढून जमिनीला टेकवत वळायचे. पाय बांधून घेण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला असता तरी हसू आले असते.

मग डोंगरावर अडकते पायडल आले कसे? लुकचे रस्त्यावरचे पायडल तिथे कुचकामी होते. त्याची पट्टी मोठी, बुटाच्या बाहेर आलेली. ती घालून माणूस बदकासारखा चालतो, आणि डोंगरावर तर सायकल ढकलत, खांद्यावर घेत चालावे लागतेच. यावर जपानच्या शिमानोने १९९० मध्ये तोड काढली. एक लहानशी धातूची पट्टी, दोन स्क्रूंनी बुटाच्या तळातल्या खोबणीत बसवलेली, म्हणजे चालताना जमिनीला रबर टेकते, धातू नाही. पायडल दोन्ही बाजूंनी सारखे, कुठूनही पाय घाला. हेच ते 'एसपीडी'. कल्पना इतकी पक्की ठरली की आजही तीच पट्टी चालते. १९९६ मध्ये अटलांटाला माउंटन बाइकिंग ऑलिंपिकमध्ये आले तोवर शर्यतीचा स्वार म्हणजे अडकते पायडल हे समीकरण पक्के झाले होते. सपाट पायडल म्हणजे पोराटोरांचे, नवशिक्यांचे. माझ्या पिढीतले आम्ही जे थोडेफार हौशी, त्यांनीही हेच डोक्यात भरून घेतले.

या समीकरणाला धक्का दिला तो सॅम हिल नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलाने. डाउनहिल, म्हणजे निव्वळ उताराची शर्यत, त्याने सपाट पायडलवर आणि मऊ रबरी तळाच्या बुटांवर जिंकायला सुरुवात केली. २००६, २००७ आणि २०१० असा तीनदा तो जगज्जेता झाला. पण जाणकार अजून बोलतात ते २००८ च्या इटलीतल्या व्हाल दी सोलेच्या शर्यतीविषयी, जी तो हरला. धुळीने भरलेला, खड्ड्याखड्ड्यांचा उभा उतार. हिल सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता आणि शेवट दिसू लागला असताना एका वळणावर घसरून पडला. उठला, सायकल उचलली, पुन्हा निघाला आणि तरीही तिसरा आला. पडून तिसरा येणारा माणूस पडला नसता तर किती अंतराने जिंकला असता, याचा हिशेब लोक अजून मांडत बसतात.

तेव्हा बरेच जण म्हणाले की उताराला ठीक आहे, पण चढ चढायचा तर पाय बांधायलाच हवा. मग हा गडी एंड्युरो शर्यतींकडे वळला. तिथे वेळ उताराचा मोजतात, पण वर स्वतःच्या पायांनी जायचे असते, तेही दिवसभर. २०१७, २०१८ आणि २०१९, लागोपाठ तीन वर्षे तो जागतिक मालिकेचा विजेता झाला, सपाट पायडलांवर. अर्थात एका माणसावरून नियम निघत नाही. ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीची सुरुवात पाहा, रांगेतल्या जवळजवळ सगळ्यांचे पाय अडकवलेले असतात. उताराच्या शर्यतीतही बहुसंख्य तसेच. सपाट पायडले पदके मिळवतात अशी एक यमक जुळवलेली इंग्रजी म्हण आहे, ती अर्धीच खरी.

अडकत्या पायडलाच्या बाजूने नेहमी सांगितले जाते, आणि मीही पुतणीला सांगितले होते, की त्याने पाय खाली दाबता येतोच पण वरही ओढता येतो, म्हणून जोर दुप्पट. हे ऐकायला पटते. पण २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सायकलस्वारांना ठरावीक जोराने पायडल मारायला लावून ते किती प्राणवायू वापरतात हे मोजले, तेव्हा निराळेच दिसले. मुद्दाम पाय वर ओढायला सांगितले की तेवढ्याच कामाला शरीर जास्त प्राणवायू खर्च करते. आणि नेहमीसारखे पायडल मारताना पाय अडकवलेला असो वा नसो, खर्चात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. बैठ्या, संथ, लांबच्या सायकलिंगला बांधलेल्या पायाचा जो मोठा फायदा आम्ही धरून चाललो होतो, तो बराचसा मनाचा खेळ होता. शेवटची शंभर मीटरची जीव तोडून मारलेली धाव निराळी, तिथे अडकवलेला पाय जास्त जोर देतो.

मग अडकत्या पायडलाचे खरे काम काय? दगडाधोंड्यांतून जाताना पाय पायडलवरून उडत नाही. दर वेळी पाय त्याच जागी बसतो. थकून पाय थरथरायला लागले तरी ते जागा सोडत नाहीत. तीन-चार तासांच्या शर्यतीत ही मोठी गोष्ट आहे. पण यातच एक फसवणूकही दडलेली आहे. वाटेत ओंडका आला तर सायकल उडी मारून पलीकडे न्यावी लागते. पाय अडकवलेला असला की स्वार नुसते गुडघे पोटाशी घेतो आणि सायकल बुटांबरोबर वर येते. त्याला वाटते, आपल्याला उडी जमली. सपाट पायडलवर असे चालत नाही. आधी अंग मागे टाकून पुढचे चाक उचलायचे, मग पावलाची बोटे खाली वळवून पायडल मागे रेटत मागचे चाक वर आणायचे. आठवडेच्या आठवडे जातात. पण जमले की ते अंगात मुरते, बुटावर अवलंबून राहत नाही.

सपाट पायडल म्हणजे मात्र आपले जुने रबरी ठोकळे नव्हेत, हे सांगायला हवे. आजचे चांगले सपाट पायडल तळहाताएवढे रुंद, पातळ, किंचित खोलगट असते आणि त्यावर बारीक खिळ्यांची दाटी असते. ते खिळे बुटाच्या रबरात रुततात. म्हणून अर्धे काम बुटाचे. आपल्या सह्याद्रीत कातळ चढणाऱ्यांना फाइव्ह टेन हे नाव ठाऊक असेल. कॅलिफोर्नियात १९८५ मध्ये निघालेली ही कंपनी प्रस्तरारोहणाचे बूट बनवायची. कड्याला चिकटणारे तिचे रबर पुढे सायकलच्या बुटांना लागले. असला बूट त्या खिळ्यांवर टेकला की पाय नुसता सरकवता येत नाही, उचलूनच ठेवावा लागतो. आणि उतारावर टाच खाली सोडायची. टाच खाली असली की धक्का बसताना पाय पायडलमध्ये आणखी दाबला जातो, टाच वर असली की उडतो. एवढ्या एका सवयीवर सगळे अवलंबून आहे. चुकले तर खिळे नडगीवर आपली नक्षी काढतात. पुतणीच्या दोन्ही नडग्यांवर ती आहे. वहिनींना प्लास्टरपेक्षा ती परवडली.

आता तो पडण्याचा प्रसंग. प्लास्टर घातले त्या रात्री झोप येईना, म्हणून मी तिचा उजवा बूट घेऊन दिव्याखाली बसलो. बूट उलटा केला आणि कारण समोरच होते. पट्टीच्या दोन स्क्रूंपैकी एक गळून पडला होता. पट्टी दोन स्क्रूंनी बुटाला घट्ट असेल तरच टाच वळवल्यावर पट्टी वळते आणि पायडलचा जबडा उघडतो. एकच स्क्रू उरला की बूट त्या स्क्रूभोवती नुसता फिरतो आणि पट्टी जबड्यात तशीच राहते. पोरगी टाच वळवत होती, अगदी बरोबर वळवत होती. वळत होता तो फक्त बूट. नवी पट्टी बसवल्यावर दोन-चार वेळा सायकल चालवून झाली की स्क्रू पुन्हा आवळायचे असतात. ते मी केले नव्हते. शिवाय जबड्याचा ताण कमी-जास्त करायला पायडललाच एक लहान स्क्रू असतो. नवशिक्यासाठी तो पुरता ढिला करून द्यायचा. तोही मी दुकानातून आला तसाच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी हे दादा-वहिनींना सांगितले. सांगणे सोपे गेले नाही. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तिची चूक नव्हती." मग आत गेल्या. हे त्या मुलीलाही ऐकायला हवे होते, कारण सगळे तिलाच सांगत होते की घाबरलीस म्हणून पडलीस.

कोणी हे वाचून घरातल्या मुलाला असे पायडल घेऊन देणार असेल, तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. शिमानोची नेहमीची पट्टी, एसएच-५१, टाच बाजूला वळवली तरच सुटते. एसएच-५६ नावाची दुसरी एक पट्टी मिळते, ती पाय वेडावाकडा किंवा वर झटकला तरी सुटते. सुरुवातीला तीच लावावी. पहिले आठ दिवस भिंतीला धरून, मग गवतावर, पाय घालायचा आणि काढायचा, शेकडो वेळा. पट्टी वाकडी बसली तर गुडघा दुखू लागतो, तेव्हा गुडघ्याची तक्रार आली तर आधी बूट पाहा. आणि आपल्याकडच्या पावसात काळ्या चिकट मातीतून दहा पावले चाललात की खोबणी भरते, मग पाय ना धड अडकत ना धड सुटत. पट्टीत रुतलेली माती काढायला मी खिशात काडी ठेवतो. भाद्रपदात डोंगरावर नवशिकी मुलगी अडकत्या पायडलवर नेणे हा मुळातच मूर्खपणा होता, स्क्रू असता तरीही. नव्या माणसाने निदान एक वर्ष सपाट पायडलवर काढावे असे आज माझे मत आहे. पाय टेकवता येतो ही खात्री असली तरच माणूस अवघड जागी जाऊन पाहतो. पाय बांधलेला नवशिका अवघड जागेच्या आधीच उतरतो आणि मग ती जागा त्याला कधीच येत नाही.

दिवाळीत प्लास्टर निघाले. बारावीची परीक्षा हातात पेन धरून नीट पार पडली, तो एक मोठा घोर गेला. मार्चअखेर ती स्वतःच म्हणाली, सायकल खाली काढ. या वेळी पायडले तिने निवडली, सपाट, केशरी रंगाची. एप्रिलभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका विटेवरून उडी मारण्याचा तिचा सराव चालला. वॉचमनही मोजायला लागला होता. मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या टेकाडावर गेलो. मी म्हटले नव्हते, तीच म्हणाली. कोरडा मुरूम, वर घसारा, त्याच जागेवर मागचे चाक फिरले आणि ती थांबली. डावा पाय टेकला. खाली गेली, पुन्हा आली, पुन्हा थांबली, पुन्हा पाय टेकला. चौथ्या वेळी वर गेली आणि वरून मला हाक मारली.

अडकती पायडले तिने टाकलेली नाहीत. जूनमध्ये एका लांबच्या रस्त्याला ती लावून गेली, नव्या पट्ट्या तिने स्वतः बसवल्या आणि परत आल्यावर आधी स्क्रू आवळले, मग पाणी प्यायली. डोंगरावर मात्र केशरीच. वहिनी दर रविवारी निघताना एकच विचारतात, "आज कुठली?"

राहता राहिलो मी. वीस वर्षे पाय अडकवून सायकल चालवली, पण विटेवरून मागचे चाक उचलायला गेलो तर ते जमिनीला चिकटलेलेच. म्हणून परवा मीही सपाट पायडले आणली. उजवे जुने पायडल निघाले, डावे काही केल्या निघेना. पंधराचा पाना लावून, दोन्ही हातांनी, घाम येईपर्यंत मी जोर लावत होतो. पुतणी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"काका," ती म्हणाली, "डावीकडे उलटे आटे असतात. मागच्या चाकाकडे फिरव."